कुलूपबंद चोवीस नग

डायव्हिंगचा कोर्स केलेला फौजी म्हटलं की लोक हमखास विचारतात, समुद्रात काय काय पाहिलं? शार्क? प्रवाळ? बुडालेली जहाजं? मी सॅपर आहे. आमच्या वाट्याला समुद्र आला तो कोर्सपुरता. कोचीला नौदलाच्या डायव्हिंग स्कूलमध्ये जे शिकलो ते पुढे नद्या, कालवे, धरणं आणि एकदा तर शेतातल्या एका विहिरीत वापरलं. गढूळ पाणी, गाळ, बाभळीच्या फांद्या, तुटक्या तारा. आणि खाली जे शोधायचं असतं ते बहुतेक वेळा वर थांबलेल्या कुणाच्या तरी घरातलं माणूस असतं.

म्हणून आज ज्या बुडालेल्या बोटीबद्दल लिहितोय ती पाहायला कुणी तिकीट काढणार नाही. साडेसात मीटर लांब, पावणेअडीच मीटर रुंद, फायबरची, सहलीची बोट. मध्य भारतातल्या एका लहान स्टेशनच्या तलावात अकरा मीटर खाली होती. स्टेशनचं नाव लिहीत नाही. तिथे राहून गेलेल्यांना बंधाऱ्यावरची चिंचेची झाडं म्हटलं तरी कळेल. या गोष्टीला आता नऊ-दहा वर्षं झाली. त्या बोटीत एकही माणूस मेला नाही, आणि म्हणूनच ती बोट कुणी नीट पाहिली नाही, हे माझं म्हणणं आहे.

तलाव जुना, सिंचनाचा. आमच्या स्टेशनच्या छोट्याशा बोट क्लबात चार पायडलच्या बोटी, दोन वल्ह्याच्या आणि ही एक मोठी. हिला मागे ओबीएम, म्हणजे बाहेरून बसवलेलं इंजिन. रविवारी कुटुंबं यायची, पाहुणे यायचे, शाळेची मुलं यायची. आदल्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात कल्पना आली की सूर्यास्त पाहायला वर एक छोटा मजला हवा. लोखंडी अँगल, वर पत्रा, भोवती रेलिंग, एक शिडी. एमईएसच्या वेल्डरने आठवड्यात करून दिलं. फीत कापली, समोसे खाल्ले. मीही खाल्ले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी लेडीज मीटनंतर तेवीस जण त्या बोटीतून तलावात फिरून आले. त्यात माझी बायको होती आणि नऊ वर्षांची मुलगी. साडेसहाच्या सुमारास सगळे धक्क्यावर उतरले. मग बोटवाला चाचा आणि त्याचा मदतनीस रिकामी बोट बंधाऱ्यापलीकडच्या शेडकडे न्यायला निघाले. अंतर असेल चारशे मीटर. वळवाचा वारा आला. तिकडे मे महिन्यात तो असाच येतो, आधी धूळ, मग वारा, मग मोठे थेंब. चाचा सांगत होता, बोट एकदा उजवीकडे कलली ती परत आलीच नाही. पत्र्याच्या छपरानं वारा धरला. दोन मिनिटांत ती गेली. दोघंही पोहणारे. मदतनिसानं रिकामा जेरीकॅन धरला, चाचा तसाच आला.

तेवीस जण उतरल्याला अर्धा तासही झाला नव्हता.

घरी तेव्हा वेगळंच नाटक चाललं होतं. मुलीची पाण्याची बाटली बोटीत राहिली म्हणून तिला तिच्या आईचा ओरडा बसत होता. तेवढ्यात फोन आला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनात एकच वाक्य ऐकू येत होतं: नशीब बलवत्तर, कोणाला काही झालं नाही. देवीला नारळ फोडला गेला. तिसऱ्या दिवशी कागद सुरू झाले आणि कागदांना एकच काळजी होती. ओबीएम सरकारी मालमत्ता, लेजरवर आहे. ते सापडलं तर उत्तम, नाही तर लॉस स्टेटमेंट. स्टेशनात डायव्हिंग येणारे तिघे होतो, मी, आमचे सुभेदार साहेब आणि देवगडचा एक हवालदार. आम्हाला हुकूम मिळाला तो इंजिन वर काढण्याचा. बोट का बुडाली हे पाहा, असं त्यात नव्हतं. ते विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. वारा आला, बुडाली.

आता खाली जाण्याविषयी थोडं सांगतो, कारण ज्यांनी फक्त निळ्या पाण्याचे व्हिडिओ पाहिलेत त्यांना हे वेगळं वाटेल. आधी बोट सापडायला हवी. चाचानं किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून जागा दाखवली, चिंच आणि पंपहाउस एका रेषेत, मागे देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी एका रेषेत. असली आठवण नकाशापेक्षा खरी असते. त्या जागेवर वल्ह्याच्या बोटीतून गळ ओढत फिरलो. चौथ्या फेरीला गळ अडकला. तिथे वजन सोडून दोर ताठ केला आणि वर बोया बांधला. याच दोरानं खाली जायचं आणि याच दोरानं वर यायचं. सुभेदार साहेब वर, जीवरक्षक दोरी त्यांच्या हातात. चार ओढी म्हणजे वर या, हे ठरलेलं. हवालदार आणि मी खाली.

गोड्या पाण्याची उचल समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे कोचीत जेवढं शिसं कमरेला बांधत होतो त्यापेक्षा दोन-अडीच किलो कमी बांधावं लागतं. ते विसरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो आणि गाळ उठवतो. वरचे चार-पाच मीटर पाणी कोमट, हिरवट, हात लांब केला तर बोटं दिसतील एवढं. मग एक थर येतो, जणू कुणी पंख्याखालून एसीच्या खोलीत ढकललं. उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तसंच तरंगत राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. त्या थराखाली अंधार. टॉर्च लावला की समोर दुधी भिंत उभी राहते, न लावलेला बरा. तिथून पुढे हातच डोळे.

पहिल्यांदा हाताला लागलं ते रेलिंग. मग छपराचा पत्रा, आणि त्याला लोंबकळणारं ताडपत्रीचं फाटकं. या फाटक्याची मला बोटीपेक्षा जास्त भीती वाटली. बुडालेल्या बोटीत माणूस अडकतो तो बहुतेकदा असल्या कापडात, दोरात, तारेत. चाकू दंडाला होताच. हवालदारानं ताडपत्री गुंडाळून एका बाजूला बांधली, मग आत गेलो. पायाने पोहायचं नाही, कडा धरून स्वतःला ओढत न्यायचं, नाही तर गाळ उठतो आणि जे थोडंफार दिसतंय तेही जातं.

बोट उजव्या अंगावर कललेली होती. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, गाळात रुतलेली आणि मागचा भाग वर, तळापासून हातभर उंच. इंजिन मागे असताना मागचा भाग वर कसा? मागे तर सगळ्यात जास्त वजन हवं. मी दोनदा खाली हात घालून खात्री केली. खाली पाणीच. मग मागच्या बाकाकडे सरकलो. बाकाखालची पेटी. तिच्या झाकणावर हात ठेवला तर झाकण आतून वर दाबलेलं. कडी-कोयंडा ताणलेला. आणि त्यात कुलूप.

आत लाइफ जॅकेटं होती. चोवीस. एका जॅकेटची उचल सात-आठ किलो धरली तरी दीडशे किलोच्या वर जोर त्या झाकणाला खालून रेटत होता. इंजिनचं वजन त्यांनी कधीच भरून काढलं होतं आणि बोटीची शेपटी उचलून धरली होती. तीन दिवस आणि तीन रात्री ती चोवीस जॅकेटं वर येण्यासाठी धडपडत होती आणि आपलं हिरव्या पट्ट्याचं पितळी कुलूप त्यांना येऊ देत नव्हतं.

वर आल्यावर मुखपट काढून हवालदार एवढंच म्हणाला, "सायबानू, कुलूप आसा." त्यानंतर चहा होईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

कुलूप का, हे कोणत्याही फौजी वाचकाला समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. लाइफ जॅकेट ही लेजरवरची वस्तू आहे. चोवीस आली, चोवीस दिसली पाहिजेत. एक कमी भरलं तर स्टोअरकीपरची चौकशी, पगारातून वसुली, वरून बोलणी. त्यामुळे तो बिचारा ती जपतो. पेटीला कुलूप, किल्ली स्टोअरच्या खिळ्यावर, खिळ्याखाली नंबर. बोटीत बसणाऱ्यांना जॅकेट हवं असेल तर मागावं, सही करावी, परत करावं. कोण मागतंय रविवारी संध्याकाळी, नवी साडी नेसून? ते जॅकेट घामट असतं, वास येतो, फोटो बिघडतो. वस्तू सांभाळण्याची सगळी व्यवस्था चोख होती, फक्त ती वस्तू कशासाठी आहे हे त्या व्यवस्थेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता माझ्या सहीबद्दल. त्याच वर्षी मार्चमध्ये बोट क्लबच्या सामानाची वार्षिक तपासणी झाली. तीन जणांचा बोर्ड, त्यात एक सदस्य मी. पाण्याचं कळतं म्हणूनच मला घेतलं होतं. मी पेटी उघडायला लावली. जॅकेटं बाहेर काढली, मोजली, पट्टे ओढून पाहिले. "लाइफ जॅकेट, २४ नग, सर्व्हिसेबल" या ओळीपुढे माझी सही आहे. ओळ अक्षरशः खरी आहे. मी मोजून झाल्यावर स्टोअरकीपरनं पेटीला पुन्हा कुलूप लावलं आणि मी तिथेच उभा होतो. ते कुलूप मला दिसलं आणि दिसलं नाहीही.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. त्या दिवशी चाचानं एक गोष्ट सांगितली होती. "साब, आजकल नाव भारी चलती है। दायें दबती है।" बोट जड चालते, उजवीकडे दबते. चाळीस वर्षं त्या तलावात वल्हं मारलेला माणूस सांगत होता. मी काय म्हणालो? पाण्याचे जेरीकॅन डावीकडे ठेवत जा. सगळे हसले. चाचाही हसला, कारण साहेब हसले होते.

दुसऱ्या दिवशीच्या डाइव्हमध्ये मी इंजिन काढण्याआधी बोटीचा तळ चाचपला. वरच्या मजल्याचे खांब बोल्टनं बसवले होते. ते बोल्ट नुसत्या फरशीतून नाही, तर फरशीखालच्या बंद कप्प्यात गेले होते. फायबरच्या बोटीत फरशीखाली हवेचे बंद कप्पे असतात. बोट पाण्यानं भरली तरी तिनं तरंगत राहावं म्हणून. आमच्या वेल्डरनं उजव्या बाजूच्या कप्प्याला सहा भोकं पाडली होती. त्याची चूक नाही, त्याला अँगल पक्का बसवायला सांगितलं होतं आणि त्यानं तो पक्काच बसवला. फरशी धुतली की, पाऊस आला की, लोकांच्या ओल्या पायांनी, थेंब थेंब पाणी त्या कप्प्यात जात होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. बाहेर काढायला भोकही नव्हतं.

हे पाणी किती वाईट असतं ते घरी करून पाहा. परातीत बोटभर पाणी घ्या आणि दोन्ही हातांनी परात धरून चाला. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. बोटीतलं पाणी तेच करतं. दगड ठेवला तर तो निदान जागेवर राहतो. त्यात वर लोखंडी मजला. वजन किती यापेक्षा ते किती उंचावर आहे हे महत्त्वाचं. आमच्या बोटीच्या मापाचा हिशेब मी नंतर केला. साधारण दीडशे किलोला ती एक सेंटिमीटर खाली बसायची. तेवीस बायका-मुलांनी ती आठेक सेंटिमीटर बसली असेल. काठापर्यंत अजून भरपूर जागा दिसत असणार. धक्क्यावरून पाहणाऱ्याला बोट अगदी व्यवस्थित वाटली असेल. पण त्यातले आठ-दहा जण सूर्यास्त पाहायला वर चढले आणि एका बाजूला गेले की हिशेबच बदलतो. त्या संध्याकाळी ते वर गेले होते. माझ्या मुलीनं नंतर सांगितलं, "बाबा, आम्ही सगळ्या वरच होतो. मज्जा येत होती, बोट झोक्यासारखी हलत होती." हळू, रेंगाळत झोके घेणारी बोट ही उलटण्याच्या बेतात आलेली बोट असते. एनडीएत पीकॉक बेला पहिल्या टर्मला आम्हाला शिडाच्या होडीत बसवून ती मुद्दाम उलटवायला लावत. उलटली तरी होडी सोडायची नाही, तळाच्या फळीवर उभं राहून परत सरळ करायची. उलटण्याआधी ती हाताखाली कशी लागते, हे त्या वयात अंगात मुरलेलं असतं. बायकोला आणि मुलीला मी ते कधी सांगितलं नव्हतं.

बाटली सापडली. ताडपत्रीच्या घडीखाली वर चिकटून बसली होती. अर्धी भरलेली, वरची हवा तिला वर ढकलत होती. अकरा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुपटीहून थोडा जास्त, त्यामुळे आतली हवा निम्मी झालेली आणि गुलाबी प्लॅस्टिक मुठीत दाबल्यासारखं चेपलेलं. ती मी बेल्टमध्ये खोचून वर आणली. वर येता येता ती पुन्हा फुगली. हातात आली तेव्हा होती तशी.

इथून पुढे माझं मत, आणि ते काहींना आवडणार नाही.

आपल्याकडे सहलीची बोट बुडाली आणि माणसं गेली की आपण सगळं करतो. चौकशी आयोग, अटका, बंदी. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीच्या तलावात 'जलकन्यका' ही दुमजली पर्यटक बोट उलटली, ४५ माणसं गेली. शोधायला कोचीहून नौदलाचे पाणबुडे गेले होते. पुढच्या वर्षी मी कोर्सला गेलो तेव्हा तिथे तो विषय ताजा होता. एका सुट्टीत मी तो तलाव पाहून आलो. आम्हा सॅपर मंडळींना तसंही तिथलं आकर्षण, कारण तो तलाव ज्या मुल्लपेरियार धरणामुळे झाला ते १८९५ साली पुरं करणारा पेनीक्विक हा मद्रास इंजिनिअर्सचा. बुडालेल्या जंगलातल्या झाडांचे काळे खुंट अजून पाण्याबाहेर उभे आहेत. मी त्या खुंटांकडे पाहत उभा राहिलो होतो आणि मनात म्हणत होतो की सिव्हिलमध्ये असंच चालतं. सहा वर्षांनी माझ्याच स्टेशनवर, माझ्याच सहीखाली, तसाच वरचा मजला आणि तशीच न घातलेली जॅकेटं.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त जण होते आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. ती बातमी मी टीव्हीवर पाहत होतो आणि मुलगी, आता मोठी, उठून आत गेली.

कायदे नाहीत असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्ये बोटींच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, अपघाताची चौकशी आहे. पण चौकशीचा घोडा हलतो तो प्रेत दिसल्यावर. ज्या बोटी रिकाम्या बुडतात, धक्क्याला बांधलेल्या रात्री बुडतात, उलटतात पण सगळे पोहून येतात, त्यांचं काय? त्यांचा नारळ फुटतो. क्रेन येते, बोट ओढून काढतात, ओढताना तिचं जे काही सांगण्यासारखं असतं ते मोडतं, आणि भंगारवाला वजनावर घेऊन जातो. विमानाच्या जगात असं नाही. तिथे विमान नुसतं धावपट्टीवर घसरलं, कुणाला खरचटलंही नाही, तरी त्याची नोंद होते, कारण शोधतात आणि बाकीच्या वैमानिकांना कळवतात. पाण्यावर आपण फक्त मेलेल्यांकडून शिकतो. आणि मेलेल्यांची बोट कधी स्वच्छ साक्ष देत नाही. तिथे नातेवाईक असतात, मंत्री असतात, वकील असतात, जो तो आपली कातडी वाचवतो. रिकाम्या बुडालेल्या बोटीला खोटं बोलायचं कारण नसतं. म्हणून तिच्यापर्यंत खाली जाऊन, काही न हलवता, आधी पाहिलं पाहिजे. कुठे कलली आहे, काय कशाला बांधलं आहे, काय कुलपात आहे. एक पाणबुड्या, एक दोर, पाण्यात चालणारा साधा कॅमेरा. यासाठी फार मोठं बजेट लागत नाही.

यावर माझ्या एका कोर्समेटनं, तो आता निवृत्त होऊन एका रिसॉर्टची सुरक्षा पाहतो, मला सुनावलं की तुमच्यासारखे लोकच सगळ्या मजेवर पाणी टाकतात, दर गोष्टीला नियम. मला बोटिंग बंद करायचं नाही. उलट अपघातानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत महिनाभर सगळ्या बोटी बंद करण्याचा जो देखावा होतो तो मला सगळ्यात फुकट वाटतो. महिन्यानं त्याच बोटी, तीच कुलपं. मला हवी आहे ती वाळूची पोती. जितक्या माणसांचा परवाना, तितक्या माणसांचं पंचाहत्तर किलोप्रमाणे वजन पोत्यांत भरा, बोटीत ठेवा, मग सगळी पोती एका बाजूला सारा आणि काठ पाण्यापासून किती राहतो ते पट्टीनं मोजा. वरचा मजला असेल तर निम्मी पोती वर चढवा. अर्ध्या दिवसाचं काम, पोती आणि मजूर प्रत्येक तलावावर आहेत. जी बोट नापास होईल तिचा मजला त्याच दिवशी कापा. आणि बोट सुटण्याआधी जॅकेट अंगावर, पेटीत नाही. हरवलं तर हरवलं. जॅकेटाला काय किंमत पडते ते मला माहीत आहे, स्टोअरच्या कागदांवर मीच सह्या करत आलोय.

सुट्टीत महाबळेश्वरला वेण्णा तलावावर किंवा कोल्हापुरात रंकाळ्यावर गेलात तर बोटवाल्याला, तो तिथला चाचा असेल त्याला, एकदा विचारा की दादा, बोट कशी चालते हल्ली? आणि तो सांगेल ते ऐका. जेरीकॅन डावीकडे ठेवायला सांगू नका.

माझ्या स्टेशनवर पुढे काय झालं ते थोडक्यात. इंजिन वर आलं, लेजर मिटलं. मी इंजिनच्या अहवालाला न मागितलेलं दीड पान जोडलं, त्यात कुलूप, सहा बोल्ट, चाचाचं वाक्य आणि मार्चमधली माझी सही, सगळं लिहिलं. वरून "पाहिलं" असा शेरा आला. पण त्याच आठवड्यात पेटीचं कुलूप निघालं आणि जॅकेटं धक्क्यावर खुंट्यांना टांगली गेली. पहिल्या तीन महिन्यांत पाच हरवली. वसुली झाली नाही. चाचा त्यानंतर दोन वर्षांनी गेला, पाण्यात नाही, घरी, झोपेत. माझी बदली झाली तेव्हा त्यानं मला बंधाऱ्यावरच्या चिंचेचं एक पोतं भेट दिलं होतं. माफी मागायची माझी हिंमत झाली नव्हती, त्यानं ती वेळच येऊ दिली नाही.

बोट वर काढली, बॅटरी आणि टाकी उतरवली, फुटकी म्हणून लिलावात काढायचं ठरत होतं. सुभेदार साहेबांनी मला सुचवलं आणि मी सीओ साहेबांकडे मागणी केली की हिला विकू नका, ही आपल्याला द्या. मान्य झालं. ती आम्ही धुऊन सहा मीटर पाण्यात परत बुडवली, मजल्यासकट, सहा बोल्टांसकट. पेटीत जुनी, फाटकी, लेजरवरून उतरलेली जॅकेटं भरून तेच कुलूप लावलं. डायव्हिंग शिकणाऱ्या पोरांना खाली पाठवायचं, काहीही न सांगता, आणि वर आल्यावर एकच प्रश्न: ही का बुडाली?

गेल्या महिन्यात तिथल्या एका तरुण कॅप्टनचा फोन आला. बोट अजून आहे, म्हणाला, शेवाळ धरलंय, पण फायबर शाबूत आहे. नवी बॅच उतरवली होती. एका पोरानं वर येऊन मुखपट काढला आणि सांगितलं, "सर, नीचे सब कुछ ठीक है। जॅकेट भी पूरी हैं। समझ में नहीं आया, डूबी कैसे।"

मी विचारलं, मग काय केलंस?

"परत खाली पाठवला, सर."